घडीचं पान

जानेवारी उजाडला की एस्थर परेराच्या टेबलावर विभागांच्या मागण्या येऊन पडायच्या. रसायनवाल्यांना नव्या आवृत्त्या हव्या असायच्या, वाणिज्यवाल्यांना एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती, आणि मराठी विभागाचं गाऱ्हाणं ठरलेलं की आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. वसईतल्या त्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून एस्थरची हयात गेली. सगळ्यांचं समाधान होईल एवढे पैसे तिला कधीच मिळाले नाहीत. कुणाचं यंदा कापायचं आणि त्याला ते कसं सांगायचं, हेच तिचं खरं काम होतं, आणि ते ती इतकं गोडीनं करायची की ज्याचं कापलं तोही चहा पिऊनच उठायचा.

ती पाचूबंदरची. बाप पास्कल, लहानशा बोटीचा मालक. आई तेरेसा डोक्यावर टोपली घेऊन वसईच्या बाजारात बसायची. घरात पुस्तक म्हणाल तर प्रार्थनेचं एक, तेही कपाटावर. एस्थर पुस्तकांकडे वळली ती मासळीमुळेच.

ती सातवी-आठवीत असताना निर्मळहून एक तरुण प्राध्यापक सायकलवरून बंदरावर यायला लागले. श्रीपत राऊत, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. बोटी लागल्या की लिलावाआधी ते पापलेट, घोळ, दाढा एकेक करून पट्टीवर मोजत, काट्यावर ठेवत. कोळी हसायचे. "मास्तर, म्हावरं खायाचं का मोजायाचं?" असं कुणी ना कुणी रोज विचारायचं. राऊतसर हसून मान डोलवायचे आणि पुढचा मासा उचलायचे. हात खवल्यांनी भरलेले, त्यामुळे लिहायची पंचाईत. पास्कलची पोर शेजारी उभी असायची. तिचे आकडे सुरेख यायचे. सरांनी पेन्सिल तिच्या हातात दिली.

हे मोजणं आठ वर्षं चाललं. मधेच एस्थर दहावी झाली. आता ही आईबरोबर बाजारात बसेल असं घरात धरून चालले होते. राऊतसर घरी आले, ओट्यावर बसले आणि तेरेसाबाईला म्हणाले, "पोरीला थांबवू नका."

"फी कोन भरनार, मास्तर?"

"शिष्यवृत्तीचं मी बघतो. तुम्ही नुसतं हो म्हणा."

तेरेसाबाई हो म्हणाली. एस्थर पदवीधर झाली, सरांच्याच सांगण्यावरून मुंबईला ग्रंथालयशास्त्र शिकली आणि त्याच कॉलेजात लागली. तोवर सरांचा लेख मत्स्यविज्ञानाच्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. लेखाच्या शेवटी एक लांबरुंद तक्ता होता, पानात मावेना म्हणून तीन घड्या घालून आत बसवलेला. सरांनी तो अंक बंदरावर आणला, घड्या उलगडून पास्कलपुढे धरला. आठ वर्षांची मासळी त्या एका कागदावर होती, कुठल्या महिन्यात काय आलं, किती लांबीचं, किती वजनाचं. पास्कलला वाचता येत नव्हतं. त्याने कागदाला हात लावण्याआधी लुंगीला पुसला.

"यात आमचा घोळ हाय?"

"आहे. हा बघा."

पास्कल बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून होता. पुढे तो गेला तेव्हा घरी सांत्वनाला आलेल्या सरांना तेरेसाबाईने ती आठवण सांगितली होती.

एस्थरने ग्रंथालयात त्या नियतकालिकाचे सगळे अंक वर्षवार शिवून घेतले. हिरव्या कापडी बांधणीचे खंड, पाठीवर सोनेरी अक्षरं. राऊतसर निवृत्त झाले तरी संस्थेने त्यांना ग्रंथालय समितीवर ठेवलं होतं. समितीची बैठक संपली की ते त्या कपाटापाशी जाऊन उगाच दोन खंड चाळायचे.

सर आणि एस्थर यांचं एकदाच बिनसलं, ते नियतकालिकांच्या पॅकेजवरून. वर्गणी भरली की हजारो नियतकालिकं संगणकावर, मोबाईलवर, घरबसल्या वाचायला मिळणार होती. पण पैसे तेवढेच. पॅकेज घ्यायचं तर छापील नियतकालिकं बंद करावी लागणार होती आणि पुस्तकांच्या रकमेलाही निम्मी कात्री लागणार होती. एस्थरने आकडे मांडले. छापील अंक वर्षाला किती जण उघडतात ते सांगितलं. अर्नाळ्याहून, जूचंद्रहून येणाऱ्या मुलांना शेवटची बस गाठायची असते, ती ग्रंथालयात बसणार कधी, असं विचारलं.

राऊतसर शांतपणे म्हणाले, "एस्थर, आपण हे विकत घेत नाही आहोत. भाड्यानं घेतोय. भाडं थकलं की घर खाली."

"सर, पण आज तर मुलं घराबाहेरच उभी आहेत."

सगळ्यांनी एस्थरच्या बाजूने हात वर केला. त्या दिवशी सर कपाटापाशी न जाता निघून गेले.

दोनेक वर्षांनी पॅकेजवाल्यांनीच एक देऊ केलं. जुने अंक एकरकमी विकत घ्या, मग वर्गणी भरा न भरा, ते तुमचेच. रक्कम मोठी होती. एस्थरने प्रस्ताव ठेवला. प्राचार्य व्हिव्हियन लोपीस वयाने तिच्याहून लहान, हुशार, सज्जन माणूस. ते म्हणाले, "मॅडम, वर्गणीत जुनं-नवं सगळं मिळतंय. त्याच वस्तूला दोनदा पैसे द्यायचे हे संस्थेला मी कसं पटवू?" त्या वर्षी विज्ञान इमारतीचं छप्पर गळत होतं. एस्थरने फार ताणून धरलं नाही.

मग कोरोना आला, कॉलेजला टाळं लागलं, आणि एस्थरचा निर्णय सोळा आणे खरा ठरला. अर्नाळ्याच्या प्रीतल मेहेरने एम.एस्सी.चा सगळा प्रबंध बापाच्या मोबाईलवर वाचून लिहिला. घरात सुक्या बोंबलाचे ढीग, धाकटी भावंडं, वीज जायची. लॉगिन अडलं की ती एस्थरला फोन करायची आणि एस्थर पाचूबंदरच्या घरातून तिला लेख शोधून पाठवायची. प्रीतल पहिल्या वर्गात पास झाली, पुढे पीएच.डी.ला लागली. विषय घेतला तो याच किनाऱ्यावरच्या पापलेट आणि घोळ माशांचा.

राऊतसरांनी मुद्दाम फोन केला. "त्या पोरीचं काम मी वाचलं. तुझं बरोबर होतं, एस्थर. मी हट्ट करत होतो."

इतक्या मोठ्या माणसाने असं म्हणावं, यानेच एस्थरला भरून आलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या फोनपासून झाली, असं ती नंतर म्हणायची.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा संगणक कक्ष वाढवायचं ठरलं. जागा एकच होती, बांधीव खंडांची. नियमाप्रमाणे जुने खंड निर्लेखित करायचे, म्हणजे दप्तरातून कमी करून रद्दीत द्यायचे, तर समितीची संमती लागते. राऊतसरांनी सही केली. "आता ते सगळं पडद्यावर आहेच की," म्हणाले. हिरवे खंड टेम्पोत भरले गेले तेव्हा एस्थर खिडकीशी उभी होती. वाईट वाटलं, पण ते घरातलं जुनं लाकडी सामान काढताना वाटतं तसं. चुकतंय असं काही वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास सरांच्या पत्नी सुहासिनीताई अंथरुणाला खिळल्या. दवाखान्यातल्यासारखी वरखाली होणारी खाट आणायची, तर तिला सरांची खोलीच द्यावी लागणार होती. तिथे कागदपत्रांनी भरलेली दोन कपाटं. सरांनी पुन्हा फोन केला.

"माझा लेख, ते सगळे अंक, तुझ्या पॅकेजात आहेत ना गं?"

एस्थरने फोन कानाला धरूनच शोधलं. लेखाचं नाव, सरांचं नाव, पहिलं पान पडद्यावर आलं. "आहे सर. निर्धास्त द्या."

सरांनी अंक रद्दीत दिले, छापील प्रती दिल्या, बंदरावरच्या कच्च्या नोंदींचे गठ्ठेही दिले. छापून आल्यावर कच्चं कशाला ठेवायचं, असं म्हणाले. सुहासिनीताई त्या खोलीत दीड वर्ष होत्या. मग गेल्या.

इकडे पॅकेज दरवर्षी चढत होतं. डॉलर वाढला की आणखी चढायचं. कला शाखेतले प्रवेश रोडावले, शासनाचं अनुदान कधी यायचं, कधी नाही. एस्थरने पुस्तकं कमी केली, मग वर्तमानपत्रं, मग संध्याकाळची अभ्यासिका बंद झाली, कारण तिथल्या माणसाचा पगारही ग्रंथालयाच्या रकमेतूनच जायचा. मूल्यांकनाची समिती येऊन जाईपर्यंत पॅकेज राहिलं पाहिजे असा संस्थेचा आग्रह होता. समिती आली, संगणक कक्ष बघून खूश झाली, चांगली श्रेणी देऊन गेली. पुढच्या मार्चमध्ये प्राचार्य लोपीस स्वतः खाली ग्रंथालयात आले, एस्थरसमोर खुर्ची ओढून बसले.

"यंदा नूतनीकरण होणार नाही, मॅडम. मी दोनदा भांडलो."

"निदान जुन्या अंकांपुरतं?"

"विचारलं मी. ती योजना त्यांनी बंद केलीय."

एक एप्रिलला एस्थरने लॉगिन करून बघितलं. नावं दिसत होती, यादी तशीच होती, पण कुठल्याही लेखावर बोट ठेवलं की किंमत यायची. तिने मागे वळून फडताळाकडे पाहिलं. गेल्या आठ वर्षांत ज्यावर सगळ्यात जास्त पैसा गेला, त्याचं एक पान तिथे नव्हतं. उद्या कुणी हे ग्रंथालय बघायला आलं तर त्याला वाटेल, इतकी वर्षं इथे कुणी काही वाचलंच नाही.

पावसाळ्यात राऊतसरांचा फोन आला. आवाज कधी नव्हे एवढा उत्साही. प्रीतल निर्मळला येऊन गेली होती. तिला जुने आकडे हवे होते. आताच्या पापलेटची लांबी किती हे ती मोजत होती, पण पूर्वी किती होती ते कळल्याशिवाय किती घटली हे कसं सांगणार? आणि या किनाऱ्यावर तेव्हा मोजणारं दुसरं कुणीच नव्हतं.

"मी तिला म्हटलं, माझ्याकडे आहे सगळं, देतो काढून. एस्थर, तेवढा तक्ता पाठवून दे गं. चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय."

पॅकेज बंद झाल्याचं एस्थरने सरांना सांगितलंच नव्हतं. सुहासिनीताई गेल्यापासून ते समितीवर येत नव्हते, आणि तिची जीभ रेटली नव्हती. ती म्हणाली, "पाठवते सर."

तिने स्वतःच्या पैशाने तो लेख घ्यायचं ठरवलं. भाचा मितेश विरारला राहायचा, त्याच्या कार्डावरून पैसे भरले. लेख उतरला. तिने पान पान खाली सरकवलं. प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष. जागोजाग 'तक्ता पाहा' लिहिलेलं. शेवटच्या पानावर तक्ता यायला हवा होता. तिथे एक करडा चौकोन होता. ज्याने कुणी कधीकाळी ते अंक यंत्राखाली धरले, त्याने घडीचं पान उलगडलं नव्हतं. मिटलेल्या कागदाची पाठ तेवढी पडद्यावर दिसत होती, एका कडेला आतल्या चारदोन आकड्यांच्या रेघा.

मितेश म्हणाला, "मावशी, पैसे परत मागूया. फॉल्टी आहे ना हे."

"नको रे," एवढंच ती म्हणाली. पॅकेज चालू असतं तरी हेच दिसलं असतं, हे तिला तेव्हा कळलं. त्या दिवशी फोनवर तिने फक्त पहिलं पान बघितलं होतं.

मग शोध सुरू झाला. तिने ओळखीच्या प्रत्येक ग्रंथपालाला लिहिलं. पुण्याहून उत्तर आलं की तो खंड ऑनलाइन उपलब्ध असल्याने निर्लेखित केला आहे. तेच शब्द एस्थरने स्वतः लिहिले होते. नियतकालिक काढणारी मूळ संस्था कधीच मोडली होती, ज्या कंपनीकडे ते गेलं तिने 'आमच्याकडे एवढंच आहे' असं कळवलं. मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात खंड निघाला. प्रीतल तडक गेली आणि तिथूनच तिने फोन केला. "मॅम, खंड आहे. पण शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलंय. कड तेवढी राहिलीय शिवणीत." मग म्हणाली, "आता सरांना काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी जाते."

रविवारी मिस्सा आटोपून एस्थर निर्मळला गेली. केळीच्या बागेतून घरापर्यंत पायवाट होती. सर ओटीवर बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. तिला बघून त्यांनी आत हाक मारली, "अनुष्का, चहा टाक गं, एस्थर आलीय." नातीने पाणी आणून ठेवलं. सर तिच्या पिशवीकडे बघत होते.

एस्थरने सगळं सांगितलं. पॅकेज गेलं ते, तिने ते लपवलं ते, करडा चौकोन, पुणं, मुंबई, फाडलेलं पान. काही वगळलं नाही. बोलताना ती जमिनीकडे बघत होती.

सर ऐकून घेत होते. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "रद्दीवाला कोण होता, आठवतं?"

"सर, तीन वर्षं झाली."

"हो. तेही खरंच."

चहा आला. तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग उठून आत गेले, एक कोरा कागद घेऊन आले आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारायला लागले. वर महिन्यांची नावं लिहिली, जानेवारीपासून, घाईघाईने. पहिल्या रकान्यात एक आकडा लिहिला, थांबले, खोडला. दुसरा लिहिला. एस्थर बघत राहिली. ते आकडे कधीकाळी तिच्या स्वतःच्या हातून उतरले होते. तिनेही आठवायचा प्रयत्न केला. तिला थंडीतली वाळू आठवली, बापाची शिट्टी आठवली, सरांचा आवाज आठवला, आकडा सांगतानाचा. आकडा आठवेना.

"फेब्रुवारीत पापलेट मोठं यायचं," सर म्हणाले. "एवढं." त्यांनी दोन्ही हात समोर धरले. मग ते जरा जवळ आणले, पुन्हा लांब नेले; ती लांबीही धड कळत नव्हती.

त्यांनी पेन ठेवलं. "राहू दे. अंदाजानं दिलेला आकडा त्या पोरीला द्यायचा नाही. तिचं काम बिघडेल."

"सर, माझ्यामुळे..."

"सही माझीपण आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर एस्थरला जरा सुसह्य झालं असतं. थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सुहासिनी म्हणत होती, एक गठ्ठा तरी माळ्यावर टाका. मीच ऐकलं नाही."

प्रीतलने आपलं काम पुढे नेलं. थांबणं तिला शक्य नव्हतं, मुदत होती, शिष्यवृत्ती संपत आली होती. तिने तुलनेची सुरुवात अलीकडच्या वर्षांपासून केली, जिथून सरकारी आकडे मिळत होते. प्रबंध पुरा झाल्यावर एक प्रत तिने सरांना नेऊन दिली, अर्पणपत्रिकेत त्यांचं नाव घातलं होतं. सरांनी तो नीट वाचला. तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं, नियमाला धरून लिहिलेलं, दुसरं काही लिहिताच आलं नसतं असं: 'या किनाऱ्यावरील त्याआधीच्या सविस्तर नोंदी उपलब्ध नाहीत.' सरांनी त्यावर बोट ठेवून प्रीतलला म्हटलं, "बरोबर लिहिलंयस." तिने ते एस्थरला फोनवर सांगितलं आणि रडली.

एस्थर मे महिन्यात निवृत्त झाली. तिच्या जागी कुणाला नेमलं नाही, इतिहासाच्या एका प्राध्यापकाकडे ग्रंथालयाचा कार्यभार दिला. शेवटच्या अंदाजपत्रकात तिने एकच नवी मागणी केली होती: या परिसराबद्दल जे काही छापलेलं मिळेल, ते कागदावरच विकत घ्यावं आणि कधीही निर्लेखित करू नये, यासाठी लहानशी वेगळी रक्कम. समितीने ती पुढच्या वर्षी विचारात घेऊ म्हटलं. निरोपाच्या समारंभात प्राचार्यांनी तिच्या डिजिटल ग्रंथालयाचं मनापासून कौतुक केलं. एस्थरने आभार मानले आणि बसली.

तेरेसाबाई आता नव्वदीला टेकली आहे. ऐकू कमी येतं. पोर अवेळी घरी का, हे तिला अजून नीट उमगलेलं नाही. एकदा तिने विचारलं, "कामावर नाय गेलीस? पुस्तकां कोन बघते?"

"हाय कोनीतरी," एस्थर म्हणाली आणि बोंबील साफ करायला बसली.

गुरुवारी ती निर्मळला जाते. सरांची नजर अधू झाली आहे, म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते. पालिकेच्या बातम्या, पाण्याचं वेळापत्रक, कुणाच्या श्रद्धांजल्या. मधेच कधी मच्छीमारांची बातमी असते, पापलेट मिळेनासं झाल्याची. तेव्हा ती क्षणभर अडखळते, आणि सर म्हणतात, "वाच, वाच." ती वाचते. मग अनुष्का चहा आणते आणि दोघं केळीच्या भावावर बोलतात.